टीचभर पाखरं

कोकणात पक्षी बघायला येणारे बहुतेक जण धनेशासाठी येतात. त्यांना दोष देता येणार नाही. मोठा धनेश म्हणजे अडीच-तीन किलोचा ऐवज. उडताना त्याच्या पंखांचा घरघराट झाडांपलीकडून ऐकू येतो, चोचीवर ते पिवळं शिरस्त्राण, आणि उंबर पिकले की सकाळ-संध्याकाळ त्याच झाडावर हजेरी. गावातलं शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवून सांगतं, "तो बघा, गरुड." (आमच्याकडे धनेशालाच गरुड म्हणतात. खऱ्या गरुडाला काय म्हणतात ते मी अजून विचारलेलं नाही.) पाहुणे भलीमोठी लेन्स लावतात, फोटो काढतात, मासळीचं जेवण जेवून खूश होऊन परत जातात.

माझा जीव अडकलाय तो अगदी दुसऱ्या टोकाला. आजोळच्या घरामागे जी कलमं आहेत त्यांच्यावर फुलटोच्या राहतो. लांबी ८ सेंटिमीटर, वजन ५ ग्रॅमच्या आसपास. रंग म्हणाल तर वरून मळकट हिरवट-तपकिरी, खालून मळकट पांढरा. चोच फिकट आणि किंचित बाकदार. नर-मादी सारखेच, त्यामुळे नराचा डौल वगैरे भानगड नाही. एका मोठ्या धनेशाच्या वजनात असे पाचशे फुलटोचे मावतील. भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी हा एक. मी दुर्बीण गळ्यात अडकवून मागच्या दाराने निघाले की मामा ओटीवरून विचारतो, "निघालीस टीचभर पाखरं मोजायला?"

आजोळ राजापूर तालुक्यात. कौलारू घर, मागे विहीर, विहिरीच्या पलीकडे नारळी-पोफळीचं आगर, वरच्या अंगाला हापूसची कलमं आणि खाली भातखाचरं. आम्ही ठाण्याहून पूर्वी मे महिन्यात जायचो. आंबे, फणस, करवंदं, दुपारी पत्त्यांचे डाव, सगळं यथासांग. पण मे महिन्यात पक्षी बघायचे तर घामाच्या धारा पुसण्यातच अर्धा जीव जातो, आणि थंडीत आलेले पाहुणे पक्षी तोवर परत गेलेले असतात. मुलांना नाताळची सुट्टी मिळायला लागल्यापासून आम्ही डिसेंबरच्या शेवटी जातो. भात कापून झालेलं असतं, खाचरांत कुळीथ-पावट्याचे वाफे असतात, कलमांना मोहोर फुटत असतो आणि सकाळी शाल लागते. बारक्या पक्ष्यांसाठी याहून चांगला मोसम नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ठाण्यात आमच्या फाटकापाशी सिंगापूर चेरीचं झाड आहे. त्या झाडावर फुलटोच्या रोज येतो. तो नवीन आलेला नाही, चेरीला लाल फळं लागायला लागल्यापासून येत असणार. तीच ती 'चिक् चिक्', जशी काही कुणी नखावर नख वाजवतंय. पण मी त्या झाडाखालून रिक्षा शोधत जाते, आणि रिक्षा शोधणाऱ्या माणसाला फक्त रिक्षा दिसते. त्यामुळे "गावाला किती पक्षी असतात ना!" असं कुणी म्हणालं की मला थोडं हसू येतं. असतात, जास्तच असतात. पण सुट्टीत खरी चैन असते ती एका झाडाखाली विनाकारण उभं राहायची. शहरात असं उभं राहिलं तर वॉचमन येऊन विचारतो.

गावात वॉचमन नाही, पण विचारणारे कमी नाहीत. बाईमाणूस दुर्बीण घेऊन पाणंदीत उभी आहे आणि दुर्बिणीचं तोंड कुणाच्या तरी परसाकडे आहे, ही बातमी वाडीभर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मी काही नियम करून घेतले. विहिरीच्या आणि न्हाणीच्या दिशेने दुर्बीण कधीही उचलायची नाही, तिथे नाचण नाचत असला तरी नाही. कुणी बाई दिसली तर आधी दुर्बीण तिच्या हातात द्यायची. सगळ्याच जणी पहिल्यांदा स्वतःच्याच घराकडे बघतात, मग हसतात, मग एखादीला खरोखर पक्षी सापडतो. कलमांखालचं गवत काढायला येणाऱ्या एका आजींनी दुर्बिणीतून सूर्यपक्षी पाहिला आणि म्हणाल्या, "अगो बाय, हा तर मी रोज बघतंय. पण तो एवढा निळा असतो होय!"

दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न नवशिक्याला फार छळतो. दुकानदार दहापट मोठं दाखवणारी गळ्यात मारतो. धनेशासाठी, पाणथळीवरच्या बदकांसाठी ती ठीक आहे. बारक्या पक्ष्यांसाठी ८ x ४२ बरी. आठपटच मोठं दिसतं, पण आवाका रुंद मिळतो, हात कमी हलतो आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून दाट पानांत सकाळी सातला पुरेसा उजेड आत येतो. पानांआडून पानांआड उड्या मारणाऱ्या जिवाला दहापट दुर्बिणीत पकडायला गेलं की नुसती पानंच मोठी दिसतात. दुसरी युक्ती अशी की, नजर पक्ष्यावरून हलवायची नाही आणि दुर्बीण नजरेच्या आड आणायची. आधी दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधणाऱ्याला आकाश सापडतं. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची म्हणजे वाऱ्याविरुद्ध हलणारं पान हेरणं. सगळी पानं एका बाजूला झुलत असताना एखादंच खाली झुकून सटकन वर आलं, तर तिथे कुणीतरी आहे.

हे प्राणी एका जागी बसत का नाहीत, याचं उत्तर त्यांच्या आकारातच आहे. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, आणि उष्णता जाते ती त्वचेवाटे. पाच-सात ग्रॅमचा पक्षी सतत गार होत असतो आणि सतत खाऊन ती भट्टी पेटती ठेवत असतो. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी त्याला दम धरवत नाही. म्हणून उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास सगळीकडे एकच धांदल असते. धनेश उंबर खाऊन अर्धा तास फांदीवर शांत बसू शकतो, कारण त्याच्या अंगात साठा आहे. फुलटोच्याला ते परवडत नाही. आपल्याला तो चंचल वाटतो, पण खरं म्हणजे तो कामावर आलेला असतो.

त्यामुळे बारक्या पक्ष्यांच्या मागे फिरून काही मिळत नाही. मी पूर्वी पाणंदीने थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायची. आता मागच्या दारच्या गडग्यावर पोतं टाकून बसते. चिऱ्यांच्या त्या गडग्यावर बसलं की उजवीकडे वांग्या-मिरच्यांचा वाफा, समोर जास्वंदीचं कुंपण, डावीकडे विहिरीजवळचा जुना रायवळ आंबा आणि त्यामागे कलमं. मामी पहिल्यांदा म्हणाली, "थंडीत दगडावर काय बसतेस, आत ये." आता चहा तिथेच आणून देते आणि जाता जाता बातम्याही देते. "मघाशी ते शेपटीवाल्याचं जोडपं येऊन गेलं."

शेपटीवालं जोडपं म्हणजे शिंपी. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, निदान बुलबुलाएवढा तरी पक्षी असेल. 'टुविट्-टुविट्-टुविट्', मिनिटभर न थांबता. बघावं तर वांग्याच्या झाडात तांबूस टोपीचा, हिरव्या पाठीचा, शेपूट ताठ उभी धरलेला ठिपका. शिंप्याचं घरटं सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेलं असतं, पण हातात घेऊन बघण्यात मजा वेगळी. वाफ्यात पावसाळ्यात केलेलं एक रिकामं घरटं मामीनेच काढून ठेवलं होतं. पानाच्या कडांना चोचीने बारीक भोकं पाडून त्यांतून कापसाचा, कोळ्याच्या जाळ्याचा किंवा सालीचा तंतू ओवलेला असतो. आपली शिवण सलग जाते. शिंप्याचा टाका मात्र सुटा असतो, प्रत्येक भोकातून बाहेर आलेलं टोक फुलून तिथेच अडकतं, जणू रिबिट मारलंय. भोकं इतकी बारीक की पान सुकत नाही, झाडावर हिरवंच राहतं आणि आतली पिल्लं हिरव्या पानांत हिरव्या पानासारखी लपून जातात. मामीने शिलाई मशीनवर आयुष्यभर गावाचे ब्लाउज शिवले. तिने घरटं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "काठ दुमडलाय बघ. उसवणार नाही."

या सगळ्या बारक्या मंडळींचा संसार कोळ्याच्या जाळ्यावर उभा असतो. शिंपी त्यानेच शिवतो. सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटं त्यानेच बांधलेलं असतं, बाहेरून सुक्या काटक्या, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असला कचरा चिकटवलेला, वर छोटंसं छप्पर. सुभगाची वाटी, चष्मेवाल्याची वाटी, नाचणाचा पेला, सगळ्यांचा लेप आणि दोरा तोच. लवचिक, चिकट, पावसात न विरघळणारा आणि फुकट. गेल्या वेळी सूर्यपक्ष्याची मादी पडवीच्या वाशांना लोंबणारी जळमटं चोचीत गुंडाळून नेत होती. मामीच्या हातात तेव्हा केरसुणी होती. केरसुणी तशीच उभी धरून ती थांबली, मादी उडून गेल्यावर अर्धी पडवी झाडली आणि कोपरा तसाच ठेवला. संध्याकाळी मामाने विचारलं, "हा कोपरा का राहिला?" तर म्हणाली, "राहू दे, कामाचा आहे."

सूर्यपक्ष्यांचा नर मात्र वेडपट. जांभळ्या पाठीचा तो नर, डोक्यावर हिरवी झळाळी, पोट पिवळं, मामेभावाच्या मोटारसायकलच्या आरशावर येऊन स्वतःशीच मारामारी करायचा. आरशातला तो दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय, अशी त्याची पक्की समजूत. सकाळभर चोच आपटून आपटून दमायचा, आरशावर रेघा आणि शिटा. शेवटी भावाने दोन्ही आरशांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. राजापूरच्या रस्त्यांवर तशी बांधलेली गाडी दिसली की मला आता मालकाच्या अंगणात जास्वंद असणार हे कळतं.

आता मोहोराकडे येते, कारण तिथेच सगळी जत्रा भरते. आंब्याच्या मोहोरावर माश्या, मधमाश्या, तुडतुडे, फुलकिडे, अळ्या, नाना प्रकारचे जीव येतात. बागायतदाराला त्यातल्या तुडतुड्यांची झोप उडवणारी धास्ती. ते मोहोरातला रस शोषतात, चिकटा पडतो आणि मोहोर काळा होऊन गळतो. म्हणून फवारण्या. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ फवारणीचं वेळापत्रकच देतं आणि मामा ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवतो. फवारणी झालेल्या कलमावर नंतरचे काही दिवस मला एकही पक्षी दिसत नाही. यावर भाषण देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या ठाण्यातल्या पगारात मोहोर येत नाही आणि गळतही नाही. पण विहिरीजवळच्या रायवळावर फवारणी होत नाही, आणि म्हणून मी बसते ती त्याच्याकडे तोंड करून.

सूर्य डोंगरावर आला की रायवळाच्या शेंड्याला ऊन लागतं, किडे हलायला लागतात आणि थवा येतो. थवा म्हणजे एका जातीचा नव्हे. लहान पक्षी हिवाळ्यात मिश्र टोळी करून हिंडतात. आधी निखार येतात, नारिंगी-काळे नर आणि फिकट माद्या, शेंड्यावरून शेंड्यावर. मग सुभग, पिवळाजर्द, पानांच्या टोकांना उलटा लटकणारा. खोडावर शिलींध्री, निळी पाठ, लाल चोच, आणि ती खोडावरून डोकं खाली करून उतरते, जे आपल्याकडे दुसरं फारसं कुणी करत नाही. मधल्या फांद्यांत नाचण, शेपटीचा पंखा उघडमीट करत. चष्मेवाले आले तर पंधरा-वीस एकदम, सगळ्यांच्या डोळ्यांभोवती पांढरं कडं, सगळे एकाच वेळी बोलणारे. आणि या सगळ्यांच्या वर, उघड्या फांदीवर, भृंगराज, शेपटीच्या दोन तारांना दोन पात्या लावून बसलेला. बाकीच्यांनी उडवलेले किडे तो हवेतच झेलतो. त्याच्या बदल्यात पहारा देतो. शिक्रा, म्हणजे लहान पक्षी मारणारा शिकारी पक्षी, दिसला की ओरडतो, आणि तेही इतर पक्ष्यांच्या धोक्याच्या हाकांची नक्कल करून. जास्त डोळे असले की शिक्रा लवकर दिसतो, आणि एकाने हलवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडात पडतो. टोळीमागचा हिशेब एवढाच आहे. पाच-सात मिनिटांत सगळी वरात झाडावरून पुढच्या झाडावर जाते, आणि मागे एकदम शांतता होते. त्या पाच मिनिटांत एकाच पक्ष्याकडे बघायचं की सगळे मोजायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टोळीत हमखास एखाद-दुसरा पर्णवटवट्या असतो आणि तिथे भल्याभल्यांची मती गुंग होते. हिरवट पाठ, फिकट पोट, डोळ्यावर पांढुरकी भुवई. असे दिसणारे अनेक जण, आणि त्यांतला फरक म्हणजे पंखावर एक अस्पष्ट पट्टी आहे की नाही, पाय काळपट की तपकिरी, पोटात पिवळी झाक आहे का. तेवढं दिसेपर्यंत तो बसेल तर ना! त्यांची ओळख आवाजावरून पटते. १७६८ साली इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्रीबुवांनी, लोक ज्याला एकच पक्षी समजत होते ते तीन निरनिराळे पर्णवटवट्ये आहेत हे ओळखलं, आणि ओळखलं ते प्रामुख्याने त्यांच्या गाण्यांवरून. दुर्बीण नाही, रेकॉर्डर नाही. स्वतःच्या गावात वर्षानुवर्षं फिरणारा आणि कान उघडे ठेवणारा माणूस, एवढंच भांडवल. आमच्या रायवळावर जो येतो तो हिरवा वटवट्या, 'चिस्-वी' अशी दोन अक्षरी हाक देणारा. उन्हाळ्यात तो पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या जंगलात वीण घालतो आणि हिवाळ्याला इकडे येतो. वजन ८ ग्रॅमच्या आसपास. आम्हाला पनवेलहून राजापूरला यायला चौपदरी रस्ता हवा, तो अजून होतोच आहे.

जास्वंदीच्या कुंपणात असाच एक परदेशी असतो, बोरू वटवट्या. रंग मातकट, सांगण्यासारखं काहीच नाही. दर काही सेकंदांनी 'चक्... चक्' असा आवाज, जणू कुणी जिभेने चुकचुकतंय. दिसतो क्वचित, ऐकू येतो दिवसभर. नवशिक्यांना मी आधी याच्या वाटेला जाऊ देत नाही. त्यांना खाली खाचरात नेते. तिथे वाळक्या काडीच्या टोकाला गप्पीदास बसलेला असतो, काळं डोकं, छाती नारिंगी, उघड्यावर, पाच मिनिटं हलत नाही. पहिल्याच दिवशी पक्षी दिसला की माणूस दुसऱ्या दिवशी उठतो.

लहान पक्ष्यावर नजर ठेवून एका जागी बसण्याची गोष्ट निघाली की मला किहीम आठवतं. अलिबागजवळचं हे गाव आज शनिवार-रविवारी मुंबईकरांनी भरलेलं असतं. १९३० साली तिथे सलीम अली राहत होते. बर्लिनला प्राध्यापक श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकून ते परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच उरली नव्हती. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमच्या घरात मुक्काम. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आडोसा करून ते त्यात बसले आणि महिनेच्या महिने बघत राहिले. सुगरण काही दुर्मीळ पक्षी नव्हे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, माडाला लोंबलेले खोपे कोकणातल्या प्रत्येक पोराने काठीने पाडलेले आहेत. पण त्या खोप्यांत काय चाललंय, हे नीट कुणी पाहिलं नव्हतं.

सलीम अलींनी जे पाहिलं ते असं. खोपा बांधतो नर. अर्धा झाला, हेल्मेटसारखा, की थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढून-ताणून बघतात, नापसंत पडला तर निघून जातात. एखादीला पसंत पडला की ती ताबा घेते, नर नळीचं तोंड जोडून तो पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. आपल्या मनातली सुगरण ही पिल्लांसाठी झुलता बंगला बांधणारी आई आहे. पण प्रत्यक्षात ती घर बघायला आलेली चोखंदळ गिऱ्हाईक आहे, आणि बंगला बांधणारा गडी एकाच हंगामात दोन-तीन ठिकाणी बांधकाम काढतो. मामीला हे सांगितलं तर ती मुळीच दचकली नाही. "पसंत नसेल तर आत कशाला जाईल ती?" एवढंच म्हणाली. सलीम अलींचा तो लेख १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यांचं नाव झालं. महागडी मोहीम नव्हती, घनदाट जंगल नव्हतं. समुद्रकाठचं खेडं, बेकारीचे दिवस आणि एक नेहमीचा पक्षी. डिसेंबरात आमच्या विहिरीवरचे खोपे रिकामे असतात. तरी बघत राहावं. कधीकधी पांढऱ्या कंठाच्या मनोल्या रात्रीच्या निवाऱ्याला त्यांत शिरतात, एकामागून एक, दाटीवाटीने.

आता जमाना सोपा झालाय. फोनवर मर्लिन सुरू केलं की ते आवाज ऐकून नावं दाखवतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने बनवलेलं हे ॲप मीही वापरते. गडग्याच्या एका टोकाला रेंज येते, तिथे उभं राहून पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकते. एकेकट्या हौशी माणसाच्या याद्यांना तसा अर्थ नसतो, पण हजारोंच्या एकत्र केल्या की कुठला पक्षी कुठे कमी होतोय हे दिसायला लागतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल अशाच लोकांच्या नोंदींवर उभा आहे. तेव्हा याद्यांना माझा विरोध नाही.

माझा विरोध आहे तो आवाज वाजवण्याला. फोनला छोटा स्पीकर जोडून पक्ष्याची हाक वाजवायची, म्हणजे तो धावत बाहेर येतो आणि फोटो मिळतो. येतो कारण त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. सूर्यपक्ष्याची आरशाशी चाललेली मारामारी आपण बघतोच. आरशाला निदान कुणी मुद्दाम तिथे ठेवलेलं नसतं. पाच ग्रॅमच्या जिवाचा सकाळचा पहिला तास असा फुकट घालवून मिळवलेल्या फोटोत मला गंमत वाटत नाही. वाट बघून आला तर आला. न दिसलेल्या पक्ष्याचं नाव वहीत 'बारका, हिरवट, रायवळ, शेंडा' असं लिहिलेलं असतं. माझ्या वहीत अशा नोंदी बऱ्याच आहेत आणि त्या तशाच राहणार आहेत.

उरला प्रश्न फुलटोच्याचा, म्हणजे खरं तर बांडगुळाचा. हा आमच्या घरातला जुना वाद. हापूसच्या कलमांवर बांडगूळ चढतं. झाडाच्या फांदीत मुळं रुतवून पाणी-क्षार चोरतं, फांदी पुढे वाळत जाते. हिवाळ्यात त्याला नारिंगी-लाल नळीसारखी फुलं येतात. त्या कळ्या आपोआप नीट उमलत नाहीत. फुलटोच्याने किंवा सूर्यपक्ष्याने चोचीने टोक दाबलं की कळी फट्दिशी फुटते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतात. पुढे फळं धरतात. त्यांतल्या बीवर डिंकासारखा चिकट थर असतो. फुलटोच्या फळ गिळतो, काही मिनिटांतच बी मागून बाहेर येते, पण ती सुटत नाही, चिकटून लोंबते. मग हा फांदीवर बूड घासतो. बी फांदीला चिकटते आणि तिथेच रुजते. म्हणजे फुलांचं काम त्याचं, पेरणीही त्याचीच. बांडगूळ नसेल तर फुलटोच्याचे हाल, आणि फुलटोच्या नसेल तर बांडगुळाचे.

मामा म्हणतो, "म्हणजे माझ्या कलमांचं वाटोळं करणारा तो हा. आणि तू त्याला बघायला थंडीत उठतेस."

"मामा, तो किती किडे खातो ते पण बघ ना. कोळी खातो."

"कोळी खातो? मग तुझ्या त्या सूर्यपक्ष्यांना जाळी कोण पुरवणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. दर वर्षी डिसेंबरात, मोहोर पुरता फुटायच्या आत, मामा गड्याला कोयता देऊन कलमांवर चढवतो. नुसतं बांडगूळ छाटून भागत नाही, मूळ राहिलं की परत फुटतं. म्हणून ज्या फांदीवर असेल ती फांदी खालून तोडायची. या वेळी मी विहिरीजवळच्या रायवळाबद्दल भीत भीत शब्द टाकला. त्याच्या शेंड्याला तीन-चार मोठी बांडगुळं आहेत, सगळी फुलांनी लगडलेली, आणि फुलटोच्याचा तळ तिथेच असतो.

मामाने सुपारी कातरता कातरता वर बघितलं. "त्याला कशाला हात लावू? त्याचे आंबे तसेही आंबट. तुझ्या मामीच्या लोणच्याला पुरतात. ठेव ते तुझ्या पाखराला." मग अडकित्ता खाली ठेवला. "पण कलमांवरचं एकही ठेवणार नाही. उद्या सकाळी गडी येतोय, खाली फांद्या ओढायला माणूस कमी आहे. दुर्बीण घरी ठेवून ये."